घरात दोन कनेक्शन, तरी नेट एकदमच का जातं?

जुन्या नाशकात चौक मंडईजवळ आमचं घर. माझी मोठी बहीण, आम्ही सगळे तिला आपा म्हणतो, रोज संध्याकाळी साडेसातला लॅपटॉप उघडून बसते. त्या वेळी रियाधमध्ये पाच वाजलेले असतात. सौदीत नोकरीला गेलेल्या आपल्याकडच्या कुटुंबांची मुलं तिकडे वही-पेन घेऊन तयार असतात आणि आपा त्यांना सातवी-आठवीचं गणित शिकवते. घरखर्च अब्बांच्या दुकानातून निघतो, पण तिच्या दोन मुलांची शाळेची फी या क्लासमधूनच जाते.

म्हणूनच आम्ही दोन कनेक्शन घेतली होती. दोन कंपन्या, दोन राऊटर, दोन बिलं. एक गेलं तर दुसरं आहे, असा हिशेब. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी क्लास मध्येच थांबला. पहिलं वाय-फाय बंद, म्हणून दुसऱ्याला जोडलं, तर तेही बंद. नाक्यावर जेसीबीने खोदकाम चाललं होतं. नेट यायला दोन दिवस लागले. त्याआधीही असे खाडे झाले होतेच, त्यामुळे दोन घरांनी "बाजी, आम्ही इकडेच ट्यूशन लावतो" असं नम्रपणे कळवलं. अब्बांनी एकच प्रश्न विचारला, "दोन-दोन बिलं भरतो आपण, मग दुसरं कनेक्शन आहे कशाला?"

वायर जोडायला आलेल्या मुलाने उत्तर दिलं. "भाऊ, तुमच्या दोन्ही वायरी एकाच खांबावरून येतात. नाक्यावर तर दोन्ही एकाच पाइपात आहेत." कंपन्या वेगळ्या होत्या, रस्ता एकच होता.

त्यानंतर मी हा विषय जरा खोलात जाऊन समजून घेतला. मोहल्ल्यातले बरेच जण विचारतात की दोन कनेक्शन जोडून स्पीड दुप्पट होतो का, त्यासाठी कोणता डबा घ्यायचा, खर्च किती. माझं मत आधीच सांगून टाकतो. स्पीडसाठी दुसरं कनेक्शन घेऊ नका. काम अडू नये म्हणून घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण ते वेगळ्या रस्त्याने येणारं असलं पाहिजे.

एक वऱ्हाड, दोन पूल

समजा, जुन्या नाशकातून पंचवटीकडे वऱ्हाड निघालंय. गोदावरी ओलांडायला दोन पूल आहेत. नवरदेवाची एकच गाडी असेल तर ती कोणत्या तरी एकाच पुलावरून जाणार. अर्धी गाडी होळकर पुलावरून आणि अर्धी गाडगे महाराज पुलावरून जाऊ शकत नाही. पण वऱ्हाडाच्या वीस रिक्षा असतील तर दहा इकडून, दहा तिकडून जातील आणि सगळं वऱ्हाड लवकर पोहोचेल. कुठलीच रिक्षा जास्त वेगाने पळाली नाही, फक्त गर्दी वाटली गेली.

दोन कनेक्शन एका राऊटरला जोडली की नेमकं हेच होतं. याला लोड बॅलन्सिंग म्हणतात. तुम्ही एखादी मोठी फाइल उतरवायला लावली की ती एक गाडी झाली. ती एकाच कनेक्शनवरून येणार. १०० एमबीपीएसची दोन कनेक्शन असली तरी तिला १०० चाच वेग मिळणार, म्हणजे सेकंदाला साधारण साडेबारा एमबी. (एमबीपीएसमध्ये बिट मोजतात, फाइलचा आकार बाइटमध्ये असतो आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. "१०० चा प्लॅन घेतला आणि १२ च दाखवतोय" ही तक्रार इथूनच येते. त्यात कंपनीची फसवणूक नसते.) मात्र घरात एकाच वेळी टीव्हीवर पिक्चर चालू असेल, मुलगा गेम उतरवत असेल, कुणी व्हिडिओ कॉलवर असेल, तर हे वेगवेगळे प्रवाह दोन कनेक्शनांत वाटले जातात आणि कुणाचंच अडत नाही. काही डाउनलोड सॉफ्टवेअर एका फाइलचे तुकडे करून ते अनेक जोडण्यांवरून मागवतात, त्यांनाही फायदा होतो.

एक गाडी खरोखरच दोन पुलांवरून न्यायची असेल तर ती सुटी करून, दोन्हीकडून नेऊन पलीकडे पुन्हा जोडणारा मिस्त्री लागतो. इंटरनेटवर या प्रकाराला बाँडिंग म्हणतात. तुमच्या घरातलं यंत्र डेटाचे तुकडे दोन्ही कनेक्शनांवर पाठवतं आणि दूर कुठेतरी असलेला सर्व्हर ते पुन्हा क्रमाने लावून पुढे देतो. स्पीडिफायसारख्या सेवा हे काम पैसे घेऊन करतात. यात वेग खरंच वाढतो आणि एक कनेक्शन तुटलं तरी कॉल सहसा तुटत नाही, हा मोठा गुण. पण सगळा डेटा त्या सर्व्हरला वळसा घालून जातो, त्यामुळे प्रतिसादाला थोडा जास्त वेळ लागतो. शिवाय ही सेवा व्हीपीएनच्या पद्धतीने चालत असल्याने काही बँकांची आणि पिक्चरची ॲप तिच्यावर चालायला नकार देतात. लाइव्ह प्रक्षेपण करणाऱ्या लोकांना ती उपयोगी आहे. साध्या घराला तिची गरज आहे असं मला वाटत नाही.

हेच काम फोनच्या आतही होऊ शकतं. मल्टिपाथ टीसीपी नावाची पद्धत त्यासाठीच आहे. ॲपलने २०१३ मध्ये आयफोनवरच्या सिरीसाठी ती वापरायला सुरुवात केली, म्हणजे वाय-फाय कमजोर झालं तरी मोबाइल डेटावरून बोलणं चालू राहावं. पण समोरच्या सर्व्हरलाही ती पद्धत कळावी लागते, म्हणून ती सगळीकडे चालत नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात साधा आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा. एक पूल बंद झाला की वाहतूक आपोआप दुसऱ्यावर वळवायची. याला फेलओव्हर म्हणतात. रोजचं काम पहिल्या कनेक्शनवर चालतं आणि दुसरं नुसतं तयार असतं. आपाला हवं होतं ते हेच.

आधी वाय-फाय तपासा

स्पीडसाठी दुसरं कनेक्शन घेऊ नका असं म्हणालो, त्याचं कारण सांगतो. नेट स्लो आहे अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा दोष बाहेरच्या वायरीचा नसून घरातल्या वाय-फायचा असतो. जुन्या वाड्यांच्या भिंती दोन-दोन फूट जाड. राऊटर पुढच्या खोलीत खुंटीवर टांगलेला आणि मुलगा अभ्यासाला माळ्यावर. भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल पटकन गळतो. २.४ चा जास्त लांब पोहोचतो, पण दाट वस्तीत वीस शेजाऱ्यांचे राऊटर त्याच पट्ट्यात बोलत असतात.

तपासायचं कसं? लॅपटॉप लॅनच्या वायरीने थेट राऊटरला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. मग माळ्यावर जाऊन वाय-फायवर तीच टेस्ट करा. खाली ९५ आणि वर ८ आलं, तर दुसरं कनेक्शन घेऊन काही बदलणार नाही. माळ्यापर्यंत एक वायर ओढा आणि तिथे जुना राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा. हा खर्च एकदाच होतो, दर महिन्याला नाही.

जेद्दाच्या समुद्रात काय झालं

आमच्या नाक्यावर झालं तेच मोठ्या प्रमाणात समुद्रातही होतं. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन मोठ्या केबल थोड्याच वेळाच्या अंतराने तुटल्या, सी-मी-वी ४ आणि फ्लॅग. दोन्ही मुंबईला येतात. दोघींचे मालक वेगळे, पण त्या भागात दोन्ही एकाच अरुंद वाटेने गेलेल्या. भारतातला इंटरनेटचा मोठा हिस्सा एका झटक्यात गेला आणि कॉल सेंटरपासून बँकांपर्यंत सगळ्यांची तारांबळ उडाली.

सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा तसंच झालं, या वेळी तांबड्या समुद्रात, जेद्दाजवळ. उमऱ्याला जाणारे आपले लोक ज्या जेद्दाला उतरतात, त्याच किनाऱ्यालगत सी-मी-वी ४ आणि आयएमईडब्ल्यूई या केबल तुटल्या. भारत, पाकिस्तान आणि आखातातल्या अनेकांचं नेट मंदावलं. एवढ्या मोठ्या कंपन्यांना जे जमलं नाही ते आपल्या गल्लीत आपोआप जमेल असं कसं मानायचं?

आणखी एक उदाहरण जवळचं आहे. १७ सप्टेंबर २०२४ ला, विसर्जनाच्या दिवशी, मुंबईत जिओचं नेटवर्क काही तास कोलमडलं. तक्रारी मोबाइलच्या होत्या तशा जिओफायबरच्याही होत्या. ज्याच्या घरात फायबर आणि सिम दोन्ही एकाच कंपनीचं, त्याला त्या दिवशी बॅकअपचा उपयोग झाला नसणार. हे कुठल्याही कंपनीच्या बाबतीत होऊ शकतं.

म्हणून दुसरं कनेक्शन घेताना स्पीड विचारण्याआधी हे विचारा: तुमची वायर आमच्या घरात कोणत्या बाजूने येणार? पहिली वायर ज्या खांबावर आहे त्याच खांबावरून का? तुम्ही स्वतः नेट कुणाकडून घेता? हा शेवटचा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो, पण गल्लीतले दोन वेगवेगळे केबलवाले वर एकाच मोठ्या कंपनीकडून नेट घेत असतील तर दोघंही एकदम बंद पडू शकतात. केबलवाल्याला विचारलं की तो सहसा खरं सांगतो.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे एक कनेक्शन जमिनीवरून आणि दुसरं हवेतून. पहिलं फायबर, दुसरं वेगळ्या कंपनीचं ४जी किंवा ५जी सिम. २०२३ पासून एअरटेल आणि जिओ दोघांनीही एअरफायबर नावाने ५जीवरून घरगुती नेट द्यायला सुरुवात केली. जिथे ते मिळतं तिथे तोही पर्याय आहे, फक्त फायबरची कंपनी आणि ही कंपनी वेगळी ठेवा. जेसीबी टॉवरचा सिग्नल कापू शकत नाही. (टॉवरलाही मागून फायबरच जातं, हे खरं. पण ते आपल्या नाक्यावरच्या पाइपातून जाण्याची शक्यता कमी.) सिंहस्थ २०२७ मध्ये आहे आणि तोवर शहरात खोदकामं होतच राहणार, तेव्हा नाशिककरांनी ही गोष्ट मनावर घ्यावी.

आमच्या घरी काय केलं

आम्ही दुसरं फायबर बंद केलं. ३९९ रुपयांच्या प्लॅनवर १८ टक्के जीएसटी धरून महिन्याला ४७१ रुपये वाचले. त्या जागी वेगळ्या कंपनीचं सिम आणि सिम टाकायचा एक छोटा राऊटर घेतला. तो वरच्या मजल्यावर रस्त्याकडच्या खिडकीत ठेवला, कारण खाली सिग्नल येतच नव्हता. आधी घरातल्या चार फोनांवर चार जागी उभं राहून कोणत्या कंपनीचा सिग्नल कुठे येतो ते पाहिलं, मगच सिम निवडलं.

मग दोन्ही कनेक्शन एका ड्युअल वॅन राऊटरला जोडली. वॅन म्हणजे बाहेरचं नेट ज्या भोकात येतं ते. साध्या राऊटरला असं एकच भोक असतं, याला दोन किंवा जास्त. टीपी-लिंकचा ईआर६०५ किंवा मायक्रोटिकचे छोटे राऊटर या कामाला घरगुती वापरात दिसतात. घेताना एक फसगत होते ती सांगतो: ईआर६०५ मध्ये वाय-फाय नाही. जुना वाय-फाय राऊटर त्याच्यामागे जोडावा लागतो. तो कपाटात पडलेला असतोच.

जोडताना दोन ठिकाणी आम्ही अडलो. फायबरचा डबा आणि सिमचा राऊटर, दोघांचाही आतला पत्ता १९२.१६८.१.१ निघाला. एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरं असली की पोस्टमन गोंधळतो, तसंच. सिमच्या राऊटरचा पत्ता बदलला आणि प्रश्न सुटला. दुसरी अडचण जास्त महत्त्वाची होती. फायबर बाहेर तुटली तरी डब्यापासून राऊटरपर्यंतची वायर शाबूत असते, तिचा दिवा हिरवाच राहतो आणि राऊटरला वाटतं सगळं ठीक आहे. त्यामुळे तो दुसरीकडे वळतच नाही. सेटिंगमध्ये त्याला सांगावं लागतं की दर काही सेकंदांनी बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, उदाहरणार्थ गुगलच्या ८.८.८.८ ला, हाक मारून बघ, आणि उत्तर आलं नाही तर दुसऱ्या कनेक्शनवर जा.

दोन्ही कनेक्शन एकाच वेळी वापरायची असतील तर आणखी एक काळजी. बँकेची वेबसाइट तुम्हाला एका पत्त्यावरून ओळखते. लॉगिन एका कनेक्शनवरून आणि पुढचं पान दुसऱ्यावरून गेलं तर तिला संशय येतो आणि ती बाहेर काढते. शिष्यवृत्तीचे किंवा हजचे फॉर्म भरतानाही पान मध्येच उडण्याचा हा प्रकार होऊ शकतो. एका वेबसाइटचं सगळं काम एकाच कनेक्शनवरून जावं अशी सोय बहुतेक राऊटरमध्ये असते, ती चालू करा. आणि नेट बदलताना पैसे पाठवणं चालू असेल तर लगेच पुन्हा पाठवू नका. खात्यात आधी बघा, मगच.

सिमवर टीव्ही चालू द्यायचा नाही, हेही ठरवलं. व्हिडिओ कॉलला तासाला साधारण अर्धा ते दीड जीबी लागतो. रोजच्या २ जीबीच्या पॅकवर आपाचा एक तासाचा क्लास निघतो, पण टीव्हीने तोच डेटा आधी संपवला तर क्लास पुन्हा बुडाला. राऊटरमध्ये टीव्हीला फक्त फायबरचाच रस्ता ठेवला आहे. फायबर गेली की टीव्ही बंद. पहिल्या दिवशी अम्मीची मालिका मध्येच थांबली, तेव्हा मला चार शब्द ऐकावे लागले.

एवढं करायची सगळ्यांना गरज नाही. ज्यांच्याकडे अधूनमधूनच महत्त्वाचं काम असतं त्यांनी वेगळ्या कंपनीचं सिम असलेल्या फोनचा हॉटस्पॉट वापरावा, तेवढा पुरतो. लॅपटॉपला त्या हॉटस्पॉटचा पासवर्ड आधीच देऊन ठेवा, ऐन वेळी शोधत बसू नका. जुना फोन कायमचा चार्जिंगला लावून हॉटस्पॉट म्हणून ठेवणारे काही जण पाहिलेत. तसं करू नका, बॅटरी फुगते.

लाइटचं विसरू नका. दोन कनेक्शन असूनही लाइट गेली की डबे बंद, मग सगळंच बंद. राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना तुमच्या ॲडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते बघून त्याला जुळणाराच घ्या. बरेच डबे १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नाहीत. तुमचा केबलवाला गल्लीतल्या एखाद्या घरात स्विचचा डबा ठेवून तिथून वायर देत असेल, तर लाइट गेल्यावर तो डबाही बंद पडतो आणि तुमच्या यूपीएसचा उपयोग होत नाही. थेट घरापर्यंत फायबर असेल तर मध्ये सहसा वीज लागत नाही.

सगळं लावून झाल्यावर एका सुट्टीच्या दिवशी मी मुद्दाम फायबरची वायर उपसली. आपा तिच्या मैत्रिणीशी कॉलवर होती. चित्र वीस-पंचवीस सेकंद गोठलं, मग आवाज आला, मग चित्र. क्लासमध्ये एवढा खंड चालतो. त्यानंतर दर महिन्याला एकदा वायर उपसून बघायचं असं ठरलं. तिसऱ्या महिन्यात उपसली तर काहीच झालं नाही, नेट आलंच नाही. राऊटर ठीक, सिग्नल ठीक. सिमचं रिचार्ज आठ दिवसांपूर्वी संपलं होतं आणि मेसेज ज्या नंबरवर येत होता ते सिम राऊटरच्या पोटात होतं. आता रिचार्जची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, गॅस बुक केल्याच्या नोंदीखाली, आपाच्या अक्षरात लिहिलेली असते.